९०च्या दशकातला सगळ्यात भारी गोलकीपर कोण? मेडलं सोडून बोला

पेनल्टीस्पॉट११

नमस्कार मंडळी, गेला महिनाभर रोज रात्री जुन्या मॅचेस बघत बसलोय. १९९० च्या वर्ल्डकपपासून सुरुवात केली आणि काल १९९९ ची मॅन्चेस्टर युनायटेड-बायर्न फायनल संपवली. मी फुटबॉल बघायला लागलो तेव्हा बुफॉन, कासियास, चेक हे लोक ऐन भरात होते, त्यामुळे त्यांच्या आधीचे कीपर मला फक्त नावाने माहीत, श्मायकल, टाफरेल, झेंगा वगैरे. आता नीट बघतोय तर एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

१९९० च्या मॅचेसमध्ये कीपर एकदम निवांत असतो. डिफेंडर बॉल मागे देतो, हा हाताने उचलतो, दोन टप्पे मारतो, परत डिफेंडरकडे सरकवतो, तो परत मागे देतो, हा परत उचलतो. खरंच कंटाळा येतो बघून. आणि त्याच दशकाच्या शेवटी बघावं तर कीपर पायाने पास खेळतोय, बॉक्सच्या बाहेर धावत येऊन बॉल उडवतोय. हे सगळे एकाच दशकातले आहेत असं वाटतच नाही. मग यांची आपापसात तुलना करायची कशी? गोयकोचेआने १९९० ला अर्जेंटिनाला दोन शूटआऊट (बरोबरी सुटली नाही की होणारी पेनल्टींची फैर) जिंकून दिले, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन पेनल्टी अडवल्या आणि लगेच पुढच्या मॅचला इटलीविरुद्ध अजून दोन, तेही मूळचा कीपर पुम्पिदो पाय मोडून बाहेर गेला म्हणून टीममध्ये आलेला माणूस. तो मोठा, की आठ वर्षं एकाच क्लबचा, मॅन्चेस्टर युनायटेडचा, गोल सांभाळणारा श्मायकल मोठा?

कोणाकडे किती मेडलं आहेत ते नको सांगू, ते माझं मी शोधेन. तुम्ही मॅच बघताना काय बघितलं ते सांगा. एखादा सेव्ह, एखादी चूक, तो उभा कसा राहायचा, ओरडायचा का, असं काहीतरी.

लालजर्सी_७

श्मायकल. दुसरं नाव माझ्या तोंडातून निघणार नाही, पण तू कारण विचारलंयस तर कारण देतो.

४ मार्च १९९६ ची न्यूकॅसल-युनायटेड मॅच काढ. न्यूकॅसल त्या सीझनला बराच काळ टेबलवर टॉपला होती, जानेवारीत तर १२ पॉइंटने पुढे होती, आणि युनायटेड त्यांच्या घरच्या मैदानावर गेली होती. पहिल्या हाफमध्ये न्यूकॅसलने अक्षरशः झोडपून काढलं, लेस फर्डिनंड दोनदा अगदी समोर आला, आणि दोन्ही वेळा श्मायकल. यात बघायचं काय तर सेव्ह नाही, सेव्हच्या आधीची दोन सेकंद बघ. फर्डिनंड बॉल कंट्रोल करेपर्यंत हा गोललाईन सोडून पुढे आलेला असतो, आणि पुढे आला म्हणून लगेच आडवा पडत नाही, उभाच राहतो, हात रुंद करून, म्हणजे स्ट्रायकरला गोल दिसतच नाही, फक्त हाच दिसतो. दुसऱ्या हाफमध्ये कान्तोनाने एक गोल मारला, १-० ने मॅच जिंकली, आणि पुढे लीगही युनायटेडनेच घेतली. नाव कान्तोनाचं झालं, ते व्हायलाही हवं, पण हाफटाईमला स्कोअर ०-० होता तो कोणामुळे?

दुसरं म्हणजे त्याची ती चांदणीसारखी उडी, हात-पाय चारही बाजूंना फाकवून. लहानपणी तो हँडबॉल खेळायचा, आणि हँडबॉलचा कीपर अगदी तसाच उडतो कारण तिथे शॉट इतक्या जवळून येतो की बॉल बघून हात न्यायला वेळच नसतो, मग जेवढं अंग आहे तेवढं सगळं पसरायचं. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग क्वार्टर फायनलला इंटरच्या झामोरानोने जवळून हेडर मारला होता तो याने असाच उडी मारून काढला. आज सगळे कीपर हे करतात म्हणून आपल्याला त्यात विशेष वाटत नाही, पण तेव्हा फुटबॉलमध्ये असं करणारा माणूस शोधावा लागायचा.

आणि हो, ओरडायचा. भयंकर ओरडायचा. बघताना असं वाटायचं की सेव्ह केल्याचा आनंद त्याला होतच नाही, फक्त सेव्ह करायला लागला याचा राग येतो. स्वतःच्या डिफेंडरच्या तोंडासमोर जाऊन लालबुंद होऊन बोलत असायचा.

१४ एप्रिल १९९९, एफए कप सेमीफायनलची रिप्ले, आर्सेनल. १-१, रॉय कीन रेड कार्ड घेऊन बाहेर गेलेला, इंज्युरी टाईममध्ये पेनल्टी आणि मारायला बर्गकाम्प. ती अडवली. मग एक्स्ट्रा टाईममध्ये गिग्जचा तो प्रसिद्ध गोल. ती पेनल्टी आत गेली असती तर ट्रेबल (एकाच सीझनला लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग) नाही, हे सरळ गणित आहे. मजा बघ, पेनल्टी अडवल्यावर त्याच्या अंगावर सगळे धावून आले तर त्याने त्यांना ढकलून बाजूला केलं कारण मॅच अजून चालू होती.

मध्यरात्रीची_मॅच

लालजर्सी दादा छान लिहिलंत पण एक राहिलं, त्याने लांब फेकलेला बॉल. कॉर्नर पकडायचा आणि पुढच्याच क्षणी हाताने सणसणीत फेकून बॉल सरळ हाफलाईनजवळ पळणाऱ्या गिग्जकडे. दुसऱ्या टीमचे डिफेंडर अजून युनायटेडच्याच बॉक्समध्ये उभे. म्हणजे सेव्ह संपला तिथून अटॅक सुरू. हाही हँडबॉलचाच हात असणार.

जुना_कीपर

पेनल्टीस्पॉट, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, तुला फक्त ती तारीख माहीत नाही. १९९२ चा उन्हाळा. त्या वर्षी बॅकपासचा नियम आला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरने हाताने उचलायचा नाही, उचलला तर इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल मारता येत नाही ती. हेडरने किंवा छातीने दिला तर चालेल, पायाने नाही. १९९७ ला थ्रो-इनही त्यात घातला.

का आणला तेही सांगतो. १९९० च्या वर्ल्डकपमध्ये ५२ मॅचेसमध्ये ११५ गोल झाले, मॅचमागे २.२१, वर्ल्डकपच्या इतिहासात इतके कमी कधीच नव्हते. एक गोल मारला की उरलेला वेळ डिफेंडर ते कीपर, कीपर ते डिफेंडर. तेव्हा कीपरला बॉल हातात घेऊन चारच पावलं टाकायची परवानगी होती, पण बॉल खाली सोडला आणि डिफेंडरने परत दिला की पावलांची मोजणी पहिल्यापासून. तू जो कंटाळा म्हणतोयस तो हाच. पुढच्या वर्ल्डकपला तितक्याच ५२ मॅचेसमध्ये १४१ गोल झाले, सगळं श्रेय एका नियमाचं नाही, विजयाला तीन पॉइंटही तेव्हाच आले, पण फरक दिसतो.

हा नियम लागू होण्याआधीची शेवटची मोठी स्पर्धा म्हणजे युरो १९९२, आणि ती जिंकली डेन्मार्कने, जे मुळात क्वालिफायच झाले नव्हते, युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं म्हणून आयत्या वेळी बोलावलं. सेमीफायनलला शूटआऊटमध्ये डेन्मार्कच्याच श्मायकलने नेदरलँड्सच्या व्हॅन बास्टेनची पेनल्टी अडवली, पाचही जणांच्या पेनल्टीत अडली ती तेवढी एकच, आणि फायनलला जर्मनीला २-० हरवलं. आता ती फायनल तुझ्या नजरेने परत बघ. डेन्मार्क पुढे गेल्यावर बॉल किती वेळा श्मायकलच्या हातात जातो बघ. नियमात होतं, त्यांनी केलं, चूक काहीच नाही. पण त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत ते सगळं बंद.

मी तेव्हा स्वतः कीपर होतो, आधी कॉलेज मग क्लब, आणि ते पहिलं वर्ष मला अजून लख्ख आठवतं. आमच्या कोचने पहिल्या दिवशी ग्लोव्हज काढून ठेवायला लावले आणि तासभर नुसते बॅकपास. ऐकायला सोपं वाटतं. पण बघ, बॉल तुझ्याकडे येतोय, मैदान ओबडधोबड आहे त्यामुळे शेवटच्या टप्प्याला बॉल उसळेल की नाही सांगता येत नाही, स्ट्रायकर तिरका धावत येतोय आणि त्याने मुद्दाम तुझ्या चांगल्या पायाची बाजू बंद केलीये. इतकी वर्षं सवय अशी की बॉल जवळ आला की गुडघे वाकतात आणि हात खाली जातात. आता हात खाली जायला लागले की डोकं म्हणतं नको, आणि त्या अर्ध्या सेकंदात पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही. मी डाव्या पायाने बॉल तीन महिने सरळ साईडलाईनबाहेर मारत होतो. आणि मी तर साधा हौशी खेळाडू, हे लोक ऐंशी हजार माणसांसमोर हे शिकत होते, वयाच्या तिशीत.

म्हणून ९० च्या दशकातला मोठा कीपर ठरवताना मी एकच बघतो, की १९९२ च्या आधी जो मोठा होता तो नंतरही मोठा राहिला का. इटलीचा झेंगा बघ. १९९० ला ५१७ मिनिटं वर्ल्डकपमध्ये एक गोल खाल्ला नाही, मग सेमीफायनलला एका क्रॉसवर बाहेर आला, बॉल हाताला लागला नाही आणि अर्जेंटिनाच्या कनिजियाने डोक्याने आत टाकला. गोयकोचेआ, १९९० चा तो महिना त्याचा, १९९१ आणि १९९३ चे कोपा अमेरिकाही (दक्षिण अमेरिकेची स्पर्धा), पण १९९३ च्या सप्टेंबरमध्ये कोलंबियाने ब्यूनस आयर्समध्ये येऊन पाच मारले तेव्हाही गोलमध्ये तोच होता आणि पुढच्या वर्ल्डकपला खेळला दुसराच. तो लहान कीपर होता असं मी अजिबात म्हणत नाही, शूटआऊटमध्ये त्याच्याइतका शांत माणूस मी बघितला नाही, १९९० च्या फायनलला जर्मनीच्या ब्रेमेची पेनल्टी आत गेली तीसुद्धा तो बरोबर दिशेने झेपावला होता, बोटभर कमी पडला. पण तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर श्मायकलच, कारण तो नियमाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला आणि दोन्ही बाजूंना जिंकला.

आणि नियमानंतरचा पहिला खरा कीपर म्हणशील तर व्हॅन डर सार. तो ज्या डच क्लबकडून खेळायचा त्या आयाक्सचं १९९४-९५ बघ, लीगमध्ये आणि युरोपात दोन्हीकडे एक मॅच हरले नाहीत, फायनलला मिलानला १-० हरवलं. तिथे बॅकपास म्हणजे संकट नव्हतंच, खेळायचा एक रस्ता होता. बॉल यायच्या आधीच त्याचं अंग वळलेलं असायचं, पहिल्या टचला बॉल बाजूला आणि दुसऱ्या टचला पास, उजवा डावा काहीही.

पिवळा_शर्ट

जुना_कीपर काका, तुमचीच कसोटी लावली तर टाफरेल कुठे गेला? १९९० ला ब्राझीलचा कीपर, १९९४ ला ब्राझीलचा कीपर, १९९८ ला ब्राझीलचा कीपर. नियम बदलला, कोच बदलले, अख्खी टीम बदलली, हा तिथेच. आणि तरी ९० च्या दशकातले कीपर म्हटलं की लोकांना तो पाचवा-सहावा आठवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्राझीलच्या कीपरचं दुःख असं की टीम जिंकली तर पुढचे दहा जिंकले आणि हरली तर हा हरला. जुलै १९९३, ला पाझ, बोलिव्हियाविरुद्ध क्वालिफायर. इतक्या उंचीवर श्वास घ्यायला त्रास होतो तिथे. याने आधी पेनल्टी अडवली आणि मग शेवटच्या काही मिनिटांत एचेव्हेरीचा क्रॉससारखा मारलेला बॉल याच्या पायाला लागून आत गेला. २-० ने हरले. वर्ल्डकप क्वालिफायरमध्ये ब्राझील त्याआधी कधीच हरली नव्हती, कधीच. मग काय, अडवलेली पेनल्टी सगळे विसरले. वर इटलीत परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती त्यामुळे पार्मामध्ये जागा गेली आणि तो रेजियानासारख्या छोट्या टीमकडून खेळत होता. अशा अवस्थेत तो १९९४ च्या वर्ल्डकपला उतरला.

तिथे सात मॅचेसमध्ये तीन गोल खाल्ले. इटलीविरुद्धची फायनल १२० मिनिटं ०-०. शूटआऊटमध्ये बाजोने वरून मारली हे जगातल्या प्रत्येकाला माहीत आहे, कंबरेवर हात ठेवून मान खाली घातलेला त्याचा तो फोटो, पण त्याच्या आधी मासारोची पेनल्टी टाफरेलने अडवली होती म्हणून बाजोवर ती वेळ आली. ती अडवल्यावर तो नाचला नाही की धावला नाही, गुडघ्यावर उठला आणि बाजूला गेला. चार वर्षांनी मार्सेमध्ये सेमीफायनल, नेदरलँड्स, परत शूटआऊट, कोकू आणि रोनाल्ड डी बूर दोघांच्या लागोपाठ अडवल्या. एका कीपरने लागोपाठच्या दोन वर्ल्डकपमध्ये असं करणं म्हणजे नशीब नव्हे.

मला त्याचं आवडतं ते हेच की तो उगाच उडत नाही. १.८२ मीटर उंची, म्हणजे कीपरमध्ये बुटकाच, श्मायकलसारखं अंग पसरून गोल झाकणं त्याला जमणारच नव्हतं. मग तो योग्य जागी आधीच जाऊन उभा राहायचा आणि सेव्ह अगदी सोपा दिसायचा. कॅमेऱ्याला असे कीपर आवडत नाहीत.

लालजर्सी_७

पिवळा_शर्ट, पेनल्टीबद्दल शंभर टक्के मान्य. पण उंच क्रॉसवर माझा जीव वरखाली व्हायचा त्याला बघताना, कॉर्नर आला की तो लाईनवरच थांबायचा. श्मायकल ते बॉल सहा यार्डाच्या बाहेर जाऊन पकडायचा. एवढाच फरक, पण सीझनमध्ये चाळीस-पन्नास मॅचेस असतात तेव्हा तो फार मोठा होतो.

आकडेवाला

कोणीच सेबास्तियानो रोसीचं नाव घेतलं नाही? १९९३-९४, मिलान, सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या लीगमध्ये, सलग ९२९ मिनिटं गोल नाही. तो रेकॉर्ड थेट २०१६ ला बुफॉनने मोडला. त्या अख्ख्या सीझनला मिलानने ३४ मॅचेसमध्ये १५ गोल खाल्ले. मिलानने स्वतः मारले किती तर फक्त ३६, आणि चॅम्पियन झाले. म्हणजे कीपरच्या जिवावर लीग.

जुना_कीपर

आकडेवाला, रोसी चांगलाच होता पण समोर डिफेंडर कोण, तर तासोती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी. या चौघांच्या मागे उभं राहायला वेगळी कला लागते हे मान्य, ऐंशी मिनिटं काहीच काम नाही आणि अचानक एक बॉल येतो, थंड पडलेल्या अंगाने तो काढायचा. मी दोन्ही प्रकारच्या टीममध्ये खेळलोय, ज्या टीमवर सतत शॉट येतात तिथे कीपरला खरं तर सोपं जातं, लय सापडते. पण इटलीच्या टीममध्ये रोसी एकही मॅच खेळला नाही हेही बघ. तेव्हा इटलीत कीपरची रांगच लागली होती, झेंगा, पाल्युका, मार्केजियानी, पेरुझी, तोल्दो, आणि दशकाच्या मध्यावर सतरा वर्षांचा बुफॉन. पेरुझीबद्दल खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. १९९६ ची चॅम्पियन्स लीग फायनल रोममध्ये शूटआऊटला गेली, समोर व्हॅन डर सारचं आयाक्स, पेरुझीने दोन अडवल्या आणि युव्हेंटस जिंकली. उंची कमी, अंग पैलवानासारखं, आणि जमिनीवरच्या शॉटला इतक्या झटकन खाली जाणारा माणूस मी बघितला नाही. १९९८ ला दुखापत झाली नसती तर वर्ल्डकपला तोच खेळला असता.

फ्रीकिक_घेणारा

मंडळी तुम्ही सगळे युरोपात अडकलाय. चिलावर्ट! पॅराग्वे! कोणीच नाही?

मार्च १९९६, त्याचा अर्जेंटिनातला क्लब वेलेझ विरुद्ध रिव्हर प्लेट. आपल्याच हाफमध्ये फ्री किक मिळाली, चिलावर्टने बघितलं की समोरचा कीपर बुर्गोस पुढे आलाय, आणि त्याने तिथूनच मारला, साठेक यार्डावरून, बुर्गोस मागे पळत पळत हात लावायला गेला आणि बॉल आत. कीपरने! मारला! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्ल्डकप क्वालिफायरला अर्जेंटिनाच्या घरी जाऊन फ्री किकवर गोल मारला, १-१. १९९९ ला एकाच मॅचमध्ये तीन पेनल्टी मारून हॅटट्रिक. पण लोक त्याला गोल मारणारा कीपर म्हणून गंमत म्हणून लक्षात ठेवतात आणि तिथेच माझं भांडण आहे, कारण गोल अडवण्यात तो तितकाच जबरदस्त होता.

१९९८ चा वर्ल्डकप बघा. पॅराग्वेने चार मॅचेसमध्ये फक्त दोन गोल खाल्ले. स्पेनविरुद्ध ०-०, बल्गेरियाविरुद्ध ०-०, आणि त्या बल्गेरियाच्या मॅचमध्ये याने स्वतः फ्री किक मारली जी त्यांच्या कीपरने कशीबशी बाहेर काढली. मग फ्रान्स, त्यांच्याच देशात, प्री क्वार्टर फायनल. नव्वद मिनिटं ०-०, एक्स्ट्रा टाईम चालू, तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता म्हणजे पहिला गोल झाला की मॅच तिथेच खलास, आणि शूटआऊटला काही मिनिटं उरलेली असताना फ्रान्सच्या ब्लाँने मारला. वर्ल्डकपमधला पहिला गोल्डन गोल. अख्खी पॅराग्वे टीम जमिनीवर आडवी, रडतेय. चिलावर्ट एकेकाजवळ जातो, हात देतो, उठवतो. गामारा खांद्याला दुखापत झालेली असताना हात बांधून खेळत होता, त्यालाही. प्रत्येकाला उठवल्याशिवाय तो बाहेर गेला नाही. पुढे फ्रान्स वर्ल्डकप जिंकली, त्यांच्या कीपरने, बार्थेझने, सात मॅचेसमध्ये दोनच गोल खाल्ले, पण मला विचाराल तर त्या स्पर्धेत फ्रान्सला सगळ्यात जास्त घाम फोडला तो चिलावर्टने.

मध्यरात्रीची_मॅच

फ्रीकिक, मग कोलंबियाचा इगिताही घ्यावा लागेल आणि मेक्सिकोचा कॅम्पोसही. इगिताची ती विंचू किक, सप्टेंबर १९९५, वेम्बली, पुढे झेप घेऊन दोन्ही टाचा डोक्यावरून आणून बॉल उडवला, ती मी शंभर वेळा बघितली असेल. पण मोठा कीपर म्हणून नाही म्हणणार मी. १९९० ला कॅमेरूनविरुद्ध बाहेर येऊन ड्रिबल करायला गेला, रॉजर मिलाने बॉल काढून घेतला आणि कोलंबिया घरी. कॅम्पोसचा मात्र मी चाहता. १.६८ मीटर उंची, स्वतः डिझाईन केलेल्या भडक रंगांच्या जर्सी, कधीकधी क्लबकडून चक्क फॉरवर्ड म्हणून खेळायचा. एवढ्याशा उंचीला वर्ल्डकपचा गोल सांभाळायचा तर उडी किती लागत असेल विचार करा.

आणि कॅमेरूनवरून आठवलं, १९९० चा थॉमस एनकोनो विसरू नका. लांब पँट घालून खेळायचा. पहिल्याच मॅचला कॅमेरूनने मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला १-० हरवलं. त्याला टीव्हीवर बघून बुफॉन नावाच्या पोराने कीपर व्हायचं ठरवलं आणि पुढे स्वतःच्या मुलाला त्याचं नाव दिलं. ९० च्या दशकावर एका कीपरचा यापेक्षा मोठा परिणाम कोणता सांगा.

रेघेबाहेर

इतका वेळ वाचतेय, खूप आवडलं सगळं, पण इतकी चर्चा होऊन एकाही बाईचं नाव आलं नाही म्हणून लिहायला घेतलं.

१० जुलै १९९९, पासाडेना, रोझ बाऊल. तेच स्टेडियम जिथे पाच वर्षांपूर्वी टाफरेलने मासारोची पेनल्टी अडवली. महिला वर्ल्डकपची फायनल, अमेरिका-चीन, ९०,१८५ प्रेक्षक. १२० मिनिटं ०-०. शूटआऊट. दोन्हीकडच्या पहिल्या दोन-दोन आत. चीनची तिसरी मारायला लिऊ यिंग येते. अमेरिकेची कीपर ब्रियाना स्कररी तिच्याकडे बघते आणि तिला कळतं की ही अडवायची. हे मी मनचं सांगत नाही, तिने नंतर तसं सांगितलंय. लिऊ यिंग धावायला लागते तशी ती पुढे येते आणि डावीकडे पूर्ण ताणून बॉल बाहेर काढते. बाकी सगळ्या आत गेल्या, ५-४. दुसऱ्या दिवशी जगभर फोटो छापला तो शेवटची पेनल्टी मारणाऱ्या ब्रँडी चॅस्टेनचा.

हो, ती लाईनच्या पुढे आली होती. त्यावर तेव्हाही वाद झाला आणि अजून होतो. त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत नियम असा होता की पेनल्टी मारेपर्यंत कीपरने पायसुद्धा हलवायचे नाहीत, १९९७ ला लाईनवर डावीकडे-उजवीकडे हलायची परवानगी आली पण पुढे यायची नव्हतीच. आता प्रामाणिकपणे बोलायचं तर त्या दशकातले कुठलेही शूटआऊट हळू करून बघा, पुरुषांचे बघा, किती कीपर लाईनवर आहेत ते मोजा. रेफ्री तेव्हा क्वचितच ती परत मारायला लावायचे. मग नियम मोडल्याचा शिक्का एकट्या स्कररीवर का?

आणि समोर चीनची गाओ होंग, तिनेही १२० मिनिटं अमेरिकेला गोल मारू दिला नाही, तिच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही.

जुना_कीपर

रेघेबाहेर ताई, बरोबर आहे तुमचं, आणि मी कीपर असून मला हे आधी सुचायला हवं होतं. पुढे यायचं म्हणाल तर आम्ही सगळेच यायचो. पेनल्टीला कीपरकडे असतं काय दुसरं? बारा यार्ड, आठ यार्ड रुंद गोल, एक पाऊल पुढे आलं की कोन तेवढाच कमी होतो. पकडलं तर पकडलं. आता एक पाय लाईनवर हवाच आणि वरून कॅमेरा बघतोय, आजच्या मुलांना हे सुख नाही.

पेनल्टीस्पॉट११

बाप रे, मंडळी, मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री जुना_कीपर काकांनी सांगितलं तशी युरो १९९२ ची फायनल परत लावली. डेन्मार्कचा पहिला गोल झाल्यापासून वहीवर बॅकपासच्या रेघा मारायला बसलो होतो, दुसऱ्या हाफमध्ये मोजणं सोडून दिलं इतके झाले. पण एक गोष्ट दिसली जी पहिल्यांदा बघताना दिसली नव्हती, जर्मनीचे लोक तो बॉल अडवायला धावतसुद्धा नाहीत. धावून उपयोगच नाही ना, तो उचलणारच आहे. मग लगेच १९९६ ची न्यूकॅसलची मॅच लावली, आणि तिथे प्रत्येक बॅकपासला फर्डिनंड पळत येतो श्मायकलच्या अंगावर. चार वर्षांत एवढा फरक.

टाफरेलची १९९८ ची सेमीफायनल आज बघणार, आणि स्कररीची उद्या. फ्रीकिक भाऊ, पॅराग्वे-फ्रान्स पूर्ण मॅच बघितली, शेवटचं ते खेळाडूंना उठवणं बघून डोळ्यात पाणी आलं.

एकच प्रश्न राहिला. काका, श्मायकल एवढा मोठा तर नियम आल्यावर त्याला काहीच त्रास झाला नाही का? न्यूकॅसलच्या मॅचमध्ये तर तो एकदम आरामात खेळताना दिसतो.

जुना_कीपर

आरामात नाही रे. परत बघ, आणि या वेळी बॉल सोडून त्याच्या पायांकडे बघ. व्हॅन डर सार बॉल थांबवतो, वर बघतो, मग पास देतो. श्मायकल बहुतेक वेळा थांबवतच नाही, बॉल आला की पहिल्याच टचला हाफलाईनच्या पलीकडे. त्याने डिफेंडरना शिकवून ठेवलं होतं की द्यायचाच असेल तर पोस्टच्या बाहेर द्या, गोलच्या तोंडावर देऊ नका, म्हणजे चुकला तरी कॉर्नर जाईल, गोल नाही. हे आम्हालाही आमच्या कोचने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी आजही पोरांना शिकवताना गोलच्या दोन्ही बाजूंना एकेक शंकू ठेवतो, बॅकपास फक्त तिकडेच द्यायचा.